खोल खिशांचं कार्डिगन

गॅलोवे बे, स्टुअर्ट बेट
१३ एप्रिल १९८६

ती. नायरीताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवाच्या बोटीने आलं. खुब्याचं हाड सांधतंय हे वाचून जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी तुला यंदा बोटीत आणि लहान विमानात पाऊल टाकू नका म्हणून बजावलंय, तर निमूट ऐक. तू टिमारूत, मी इथे, मधे ती खवळलेली सामुद्रधुनी. पत्रं आहेत तोवर आपलं काही अडत नाही. फोनचं नाव काढू नकोस. फोनवर मला तुझं ऐकू येत नाही आणि तुला माझं पटत नाही.

एक मागणं आहे. मला एक कार्डिगन विणून दे. आणि ऐक, हसायचं नाही. तुझं लोकरीचं दुकान होतं तेव्हा तीस वर्षं तू मला बारीक दिसायचे धडे दिलेस. आता मला जाड दिसायचं आहे.

त्याचं असं झालं. आमची नर्स ग्लेनिस दर महिन्याला आम्हा म्हातारीकोताऱ्यांची वजनं करते. मार्चपासून माझा काटा उतरतोय. तिने मला सरळच सांगितलं की हिवाळाभर, म्हणजे ऑगस्टपर्यंत, असाच उतरत राहिला तर डॉक्टर मला एकटीला इथे राहू देणार नाहीत, पलीकडे इन्व्हरकार्गिलला वृद्धाश्रमात पाठवतील. तिथल्या खिडकीतून म्हणे गाड्या लावायची जागा दिसते. ताई, माझं घर इथे, कोंबड्या इथे, माझा अ‍ॅलेक टेकडीवरच्या कबरीत इथे. त्याच्या मासेमारीच्या जाळ्यांची खोलीसुद्धा मी अजून आवरलेली नाही. मला इथून हलायचं नाही. मला दुसरं काहीही नको.

ग्लेनिस काट्याइतकीच डोळ्यांनीही तोलते. डोळ्यांपुरतं तरी तू बघ.

तुझ्या मायेला पारखी न झालेली,
एल्सी


टिमारू
२१ एप्रिल १९८६

चि. एल्सीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हसले. माफ कर, पण दुखऱ्या खुब्यासकट हसले. जिला मी जन्मभर गोल गळ्यापासून लांब ठेवलं ती आता गोल गळा मागते!

तर नीट वाच. तुझ्यासारख्या भरल्या छातीच्या बाईला मी काय द्यायचे आठव. खोल उतरता गळा, उभी वीण, बारीक बटणं, आणि लांबी कमरेवर न तोडता कुल्ल्यांच्या खाली नेलेली. वर सांगायचे की बटणं लावू नकोस, दोन्ही बाजू मोकळ्या सोड, मधे उभी फट दिसली की अंग अर्धं होतं. आता हे सगळं उलटं करायचं. गळा गोल आणि वर लपेटणारी जाड कॉलर. पुढे वेणीची वीण, चांगली मनगटाएवढी जाड. लांबी कुल्ल्यांवरच थांबवायची आणि खिसेही तिथेच आणायचे, म्हणजे डोळा तिथे अडकतो आणि नसलेलं अंग दिसतं. खाटकाची बायको आठवते ना, खांदे गाड्यासारखे आणि खाली काही नाही? तिला असेच खिसे दिले होते. नंतर दोन महिने गावभर मिरवत होती की प्रकृती सुधारली. पेट्रीबाईंचं नेमकं उलटं, वर चिमणी आणि खाली घंटा. त्यांना खांद्यावर नक्षी दिली आणि खाली साधी सुलट वीण. अंग कसंही असो, त्याला शोभेल असं कार्डिगन असतंच. मी कुणाला रिकाम्या हाती परत पाठवलेलं नाही.

माझ्यासारख्या फळीला काय, कुठूनही मापा, सारखंच. आई म्हणायची की ह्या दोघी एका पोटच्या वाटत नाहीत. फक्त हातमोजे ती दोघींना एकाच मापाचे विणायची आणि आपण ते कुणाचे यावरून भांडायचो.

आईच्या पद्धतीने माप पाठव. लोकरीचा धागा घे, छातीला, कमरेला, कुल्ल्यांना गुंडाळ आणि प्रत्येक ठिकाणी गाठ मार. टेपवर माझा भरवसा नाही, टेपवर बायका खोटं बोलतात.

आणि जेवतेस ना? ते लिहिलंच नाहीस. चीज रोल कर, लोणी सढळ हाताने लाव.

तुझ्या खुशालीवर डोळा ठेवून बसलेली,
ताई


गॅलोवे बे
२ मे १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धागा सोबत आहे, तीन गाठींचा. पहिली छाती, दुसरी कंबर, तिसरी कुल्ले. मी जेवते. शेजारून रोज मासे येतात. खाल्लं की पोटात जरा गच्च होतं, म्हणून थोडं थोडं खाते. त्याची चिंता नको.

खिसे खोल कर. वरवर शोभेचे नकोत. मनगट आत जाईल असे हवेत, आणि आतून जाड कापडाचं अस्तर लाव. अंडी गोळा करायची असतात, कपड्यांचे चिमटे असतात, म्हाताऱ्या बाईच्या खिशात काय काय नसतं! कोळशी निळा रंग चालेल. वेणी मात्र तू म्हणतेस तशीच हवी.

इथे थंडीने जोर धरलाय. दवाखान्याच्या खोलीत एकच हीटर, तोही अर्धमेला. वजनाच्या वेळी ग्लेनिस कुणाला लोकरीचं काढायला लावत नाही. सगळ्यांच्या अंगावरच्या लोकरीचा म्हणून सरसकट एक किलो वजा करते. अकरा वर्षं हाच हिशोब चाललाय. देवमाणूस आहे.

लौकर पाठव. पुढचं वजन जूनच्या पहिल्या मंगळवारी आहे.

तुझ्या सुयांवर भिस्त ठेवून असलेली,
एल्सी


टिमारू
१२ मे १९८६

चि. एल्सीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा धागा पोचला. तू गाठी चुकीच्या मारल्यास. मी सहज म्हणून तो माझ्या छातीला लावून पाहिला, तर पहिली गाठ टोकाला पोचेना, तीन बोटं कमी पडली. माझ्या छातीला, एल्सी! फळीला! लहानपणापासून तुझे कपडे माझ्यावर तंबूसारखे व्हायचे. मी चार वेळा लावून पाहिला, मग खुर्चीत बसून राहिले.

पुन्हा माप आणि खरं लिही. पोट गच्च होतं ते कधीपासून? डॉक्टरांना सांगितलंस का? मी तिथे असते तर कानाला धरून नेलं असतं. पण मी इथे काठी टेकत फाटकापर्यंत जाते आणि परत येते, एवढीच माझी मजल आहे.

पुढची बाजू विणून झाली आहे. माप तुझ्या धाग्याचंच घेतलं, पण वेणी जाड केली आहे. खिसे तू म्हणालीस तसे खोल, अस्तराला दुकानातलं उरलेलं गादीपाटाचं कापड लावलंय. असे भक्कम खिसे मी आजवर कुणाला दिले नाहीत. शनिवारी टपालात टाकेन.

उत्तर लौकर धाड, मग खुशाल माझ्यावर रागाव.
तुझी ताई


गॅलोवे बे
२० जुलै १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलेय असं समजू नकोस, आनंदाच्या भरात लिहायचं राहिलं. ताई, काटा चढला! जूनमध्ये चढला आणि जुलैमध्ये आणखी चढला. ग्लेनिसने माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाली की एल्सीमावशी, तुम्ही तर सगळ्यांना मागे टाकलंत. डॉक्टर महिन्याच्या फेरीला आले तेव्हा तिने त्यांना कागद दाखवला आणि त्यांनी वृद्धाश्रमाचा विषयच काढला नाही. मला तपासायला म्हणून ते थांबणार होते, पण विमानाची वेळ झाली आणि मी म्हटलं की मला काही होत नाही.

कार्डिगनचं कौतुक किती सांगू! महिला मंडळाच्या चहाला घालून गेले तर तिघींनी विचारलं की हे कुठलं. लपेटलेल्या कॉलरमुळे मान दिसत नाही, ते फार बरं झालं. मान हल्ली कोंबडीसारखी झाली आहे.

एक तक्रार मात्र ऐकून घे. तुझा हात सैल पडला गं. कार्डिगन पुढून लांबत चाललंय. मागे जिथल्या तिथे आहे, पण पुढची कड चार बोटं खाली आली आहे. तुझी वीण ओघळत नाही अशी दुकानात पाटी होती ना? आता ती पाटी उतरव.

मस्करी केली हो. तुझ्यामुळे घरात आहे.

तुझ्या उपकारात आणि लोकरीत गुरफटलेली,
एल्सी


टिमारू
२७ जुलै १९८६

एल्सीस,
आशीर्वाद नंतर.

माझी वीण ओघळत नाही. तीस वर्षांत एकही कार्डिगन त्या तक्रारीने परत आलं नाही. लोकर सैल असती तर मागचीही बाजू उतरली असती, बाह्याही लांबल्या असत्या. फक्त पुढची उतरली म्हणजे खिशांत ओझं आहे. अंड्यांनी वीण चार बोटं उतरत नाही, चिमट्यांनी तर नाहीच नाही.

मी ते पत्र दोनदा वाचलं, मग तुझं मे महिन्यातलं काढलं. खोल खिसे. जाड अस्तर. कुणाला लोकरीचं काढायला लावत नाही. माझ्याच दुकानात माझी फसवणूक व्हावी आणि मला कळू नये! उलट मी फुशारकीने गादीपाट लावला.

वजनाला जाताना खिशांत काय घालतेस?

तू रोडावली आहेस आणि ते कुणालाच माहीत नाही. ज्याला माहीत असायला हवं तो डॉक्टर कागद बघून निघून जातो. तू स्वतः ग्लेनिसला सांग. पंधरा ऑगस्टपर्यंत तुझं तसं पत्र आलं नाही तर मी लिहीन.

ताई


गॅलोवे बे
५ ऑगस्ट १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अ‍ॅलेकच्या जाळ्याची शिशाची वजनं घालते. आधी दोन होती, आता चार.

लिहू नकोस. तुझ्या पाया पडते. तुला वाटतं की मला माझं अंग कळत नाही? रोज सकाळी बटणं लावते तेव्हा कळतं. पण एकदा मला पलीकडे नेलं की परत आणणार नाहीत. अ‍ॅलेकची आई अशीच चार दिवसांसाठी म्हणून गेली होती. तिची खुर्ची आम्ही दोन वर्षं कुणाला बसू दिली नाही, आणि मग कोंबड्या त्यावर बसायला लागल्या.

लहानपणी तू माझ्या सगळ्या चोऱ्या पोटात घातल्यास. ही एवढी शेवटची घाल.

तुझीच,
एल्सी


टिमारू
११ ऑगस्ट १९८६

नर्स ग्लेनिस यांस,
स. न. वि. वि.

मी एल्सपेथची, म्हणजे तुमच्या एल्सीमावशींची, मोठी बहीण. आपली ओळख नाही, तरी लिहिते.

यापुढे तिचं वजन कराल तेव्हा निळं कार्डिगन काढून ठेवायला सांगा. ते मी विणलं आहे, खिसेही मीच केले आहेत. त्यांत काय असतं ते ती सांगेल. तिला रागावू नका. तिने मला लिहू नको म्हणून विनवलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी तिची चुगली करते आहे. मला तिथे येता येत नाही, नाहीतर हे तुमच्या गळ्यात घातलं नसतं.

तिला पोटात गच्च होतं असं तिने मे महिन्यात लिहिलं होतं. मला तेव्हाच कळवायला हवं होतं.

आपली,
नायरी मॅकफेल


गॅलोवे बे
२९ ऑगस्ट १९८६

श्रीमती मॅकफेल यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र वाचलं आणि त्याच दुपारी मी मावशींकडे गेले. काटा सोबत नेला. कार्डिगन काढा म्हटल्यावर त्यांनी थंडी आहे असं सांगून पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे बघून ताईचं पत्र आलं का एवढंच विचारलं. त्यांनी चारही शिशं स्वतः काढून टेबलावर ओळीने मांडली आणि सांगितलं की ही अ‍ॅलेकची आहेत, मला परत हवीत. कार्डिगनशिवाय त्या काट्यावर उभ्या राहिल्या तेव्हा मला आकडा बघवला नाही.

दुसऱ्या दिवशीच्या विमानाने त्यांना नेलं. चार दिवस तपासण्या झाल्या. पोटात गाठ आहे, आणि ती आता पसरली आहे. मे महिन्यात कळलं असतं तर काही करता आलं असतं का, असं मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. ते म्हणाले की कदाचित, पण तेव्हाही खात्री देता आली नसती. आता कापाकापी करून उपयोग नाही. दवाखान्यात ठेवूनही नाही. म्हणून डॉक्टरांनीच सांगितलं की त्यांना घरी जायचं असेल तर जाऊ द्या. मी परवा त्यांना घेऊन आले. बोटीत सबंध वेळ त्या बाहेर बसल्या होत्या.

मी सकाळ-संध्याकाळ जाते. शेजारचे कोंबड्या बघतात.

अकरा वर्षं मी सगळ्यांचा एक किलो वजा करत आले. थंडीत कुणाला कुडकुडवायचं नाही एवढाच हेतू होता. आपण स्वतःला दोष देऊ नये असं लिहावंसं वाटतं, पण मी तेच स्वतःला रोज सांगते आणि मला ते पटत नाही.

आपली नम्र,
ग्लेनिस


गॅलोवे बे
१४ सप्टेंबर १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, उशीवर पाटी ठेवून लिहितेय. आठ दिवस मी तुझ्याशी अबोला धरला होता. टपालाच्या कृपेने तुला ते कळलंही नाही. फुकट गेला.

आता राग नाही. मला जे हवं होतं ते मिळालंय बघ. डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं की घरीच राहा. त्यांनी हे कशामुळे सांगितलं ते मला कळतं, पण खिडकीतून खाडीचं पाणी दिसतं आणि ऊन असलं की पांघरूण गरम होतं. ते मे महिन्याचं तुम्ही दोघी मनातून काढून टाका. ग्लेनिस रोज येते आणि रोज थोडी रडते, मलाच तिला चहा घे म्हणावं लागतं.

तू पूर्वी सदा कुडकुडायचीस आणि मी हसायचे ना? तुझं अंग आता मला मिळालंय, तर कळतं. हाडांना थंडी वाजते.

तू नवीन करड्या रंगाचं कार्डिगन विणते आहेस असं ग्लेनिसने तुझ्या चिठ्ठीतून वाचून दाखवलं. जाड दाखवायचं नाही, बारीक दाखवायचं नाही, आहे त्या अंगाला बसेल असं. हे फार आवडलं. पण त्याला खिसे करणार नाहीस, पुन्हा जन्मात कुणाला करणार नाहीस अशी शपथ घेतलीस म्हणे. ताई, शपथ तुझी, पण गारठा माझा. मी हात कुठे ठेवू?

जमेल तितक्या लौकर. घाई करून टाके मात्र सोडू नकोस.

तुझ्याकडून मागून घ्यायची सवय न सुटलेली,
एल्सी


टिमारू
२२ सप्टेंबर १९८६

चि. एल्सीस,
अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा कार्डिगन पुरं झालं होतं, धुऊन टॉवेलवर वाळत होतं. खिसे नसलेलं. डॉक्टरांना मी पुन्हा विचारलं, नुसती बोटीत बसून राहीन म्हटलं. ते नोव्हेंबरच्या आधी नाहीच म्हणतात. नोव्हेंबर म्हणतात, एल्सी, आणि मी मान डोलावून घरी येते.

मग मी ते वाळलेलं कार्डिगन मांडीवर घेतलं आणि कात्री घेतली. झालेल्या विणीत खिसा घालायचा तर मधला एकच धागा कापावा लागतो. तो ओढला की वरचे आणि खालचे टाके उघडे पडतात. ते सुयांवर उचलायचे आणि आत विणत जायचं. दुकानात मी हे शंभरदा केलंय. या खेपेला एक टाका निसटला, दोन ओळी खाली गेला, मी तो परत वर आणला. निदान तो तरी आणता आला.

अस्तर नाही लावलं, तीच मऊ लोकर आत आहे. माप मागवलं नाही. तुझा धागा पेटीत आहे, पण यासाठी त्याची गरजच पडली नाही. मी माझाच हात त्यावर ठेवला आणि मनगटापर्यंत विणलं. आपल्या दोघींत तेवढंच एक माप कधी वेगळं नव्हतं. हाताशिवाय दुसरं काही त्यात मावणार नाही, मी घालून पाहिलंय. बराच वेळ घालून बसले होते.

उद्याच्या टपालाने निघेल. पोचल्याचं लिहायचे कष्ट घेऊ नकोस. ग्लेनिसला म्हणावं, दोन्ही हात खिशात आहेत एवढं फक्त कळव.

आहे तिथूनच तुझ्याजवळ बसलेली,
ताई